कवळीवाल्याचं काळं पोट

कवळीवाल्याला त्याच्या बायकोनं मारलं, असं आमच्या गल्लीत बरीच वर्षं बोललं गेलं. मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. इस्त्रीच्या दुकानात कपडे मोजून घेताना, जिन्यात भाजीची पिशवी खाली ठेवून दम खाताना एकदम आवाज उतरायचा, मान इकडेतिकडे फिरायची आणि मग, "सुपातून दिलं म्हणे. ते कवळीचं पाणी. दुर्बीण घातली तर आत नुसता कोळसा!" ऐकणारी बाई तोंडावर हात ठेवायची, "अगं बाई!" म्हणायची, आणि लगेच विचारायची, "सूप कसलं होतं गं?"

खून झाला हे सगळ्यांना मान्यच होतं. अडलं होतं ते कृतीपाशी.

कुचाळक्या म्हणजे मला भाजलेल्या शेंगदाण्यांसारख्या, एकदा सुरुवात झाली की हात आवरत नाही. पण ही एक गोष्ट मी नुसती ऐकत आलो, तिच्यात पदरचं काही घातलं नाही. खरं काय ते मला माहीत होतं आणि सांगायची बंदी होती. बंदी घालणारी बाई आता राहिली नाही, म्हणून बोलतो.

कवळीवाले समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. पुढच्या दोन खोल्या संसाराच्या, मागची कामाची. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे बोळक्या तोंडांचे ठसे पाठवायचे. त्यात हे प्लास्टर ओतून साचा काढायचे, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायचे आणि त्या मेणात एकेक दात रोवायचे. मग मेण वितळवून टाकायचं, त्याच्या जागी गुलाबी पूड आणि एक उग्र पातळ औषध कालवून दाबायचं, आणि सगळं गरम पाण्यात शिजवायचं. ते पातळ औषध गडद रंगाच्या बाटलीत असायचं. बूच काढलं की वास जिन्यापर्यंत, नेलपॉलिशच्या दुकानात कुणी सगळ्या बाटल्या फोडल्यासारखा. गल्ली त्याला 'कवळीचं पाणी' म्हणायची.

शिजलेली कवळी वहिनींकडे जायची. वहिनी म्हणजे कवळीवाल्यांची बायको. घासून, पॉलिश करून चकचकीत करायचं काम त्यांचं. मोटरच्या फिरत्या चाकावर कवळी धरून, डोळे बारीक करून त्या बसल्या की समोरच्या खिडकीतून वाटायचं, बाई कुणाच्या तरी तोंडाला शिक्षा करते आहे.

कवळीवाले स्वतः किडकिडीत, मानेतून वाकलेले. बोलताना डोळ्यांत बघायचे नाहीत, ओठांकडे बघायचे. गल्लीत नव्यानं आलेल्या बायका बावरायच्या. मग वहिनी आतून ओरडायच्या, "घाबरू नका हो! त्यांचा जीव तुमच्या दाढेत अडकलाय, तुमच्यात नाही!"

माझं त्यांच्याशी एकच भांडण होतं. गल्लीत कुणाचे दात खरे आणि कुणाचे विकतचे, हे त्या माणसाला ठाऊक, आणि तो सांगत नाही! माझ्यासारख्याच्या समोर असं ताट झाकून बसायचं म्हणजे छळच. मी खोदून खोदून विचारायचो, "वरच्या मजल्यावरच्या बाईंचं हसू तुमचंच ना?"

"हसू त्यांचं. मी कुंपण घातलंय फक्त."

"म्हणजे तुमचंच!"

"मी कुठं म्हणालो? कुंपण कुणाच्याही दारात असतं."

आणि पुन्हा मान खाली, मेणात.

या माणसाजवळ जगात एकच दौलत होती, हात. तापवलेल्या सुरीच्या टोकावर मेण गार होईपर्यंत श्वासभर वेळ मिळायचा, तेवढ्यात दात अलगद वळवून बसवायचा. पुढचे दात तर फारच नाजूक काम. अगदी सरळ लावले तर कवळी दिसते, आणि थोडा जास्त तिरका गेला तर माकड दिसतं. कवळीवाल्यांनी लावलेला दात असा बसायचा की नवऱ्याला बायकोचा कळायचा नाही. मोठमोठ्या शिकलेल्या दंतवैद्यांची पुढच्या दातांची कामं त्यांच्याकडेच यायची, आणि ते ह्यांना पुरतं ठाऊक होतं. चेहऱ्यावर दाखवायचे नाहीत एवढंच.

ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता. पुढचे दात लावायचे ते उपाशीपोटी. पोट भरलं की हात जड होतो. कवळीवाल्यांनी तो नियम जन्मभर पाळला. सकाळी कपभर कोरा चहा, आणि पुढची ओळ लागेपर्यंत घास नाही. वहिनी चिडायच्या, ताटली आपटायच्या, पण त्या बाबतीत पतिराज दगड.

मग मधुमेह आला. बरीच वर्षं गोळ्यांवर भागलं. पुढे गोळ्या पुरेनात आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचं इंजेक्शन लावून दिलं. रोज सकाळी, स्वतःच्या हातानं, पोटाच्या कातडीत. आता हे ज्याच्या घरी आहे त्याला सांगायला नको की इन्सुलिन टोचलं की खावं लागतं. नाही खाल्लं तर साखर धाडकन खाली येते, घाम फुटतो, जीव घाबरतो, हात लटलट कापतो. इकडे डॉक्टरांचं इंजेक्शन आणि तिकडे उस्तादाचा उपास. एका पोटात दोन सवती नांदायला आल्या.

व्हायचं तेच झालं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी चालू होती. सकाळची वेळ, इंजेक्शन झालेलं, पोटात चहा. पुढचा एक दात बसवता बसवता हात थरथरला आणि दात किंचित वळला. कवळीवाल्यांच्या लक्षात आलं नाही, दंतवैद्याच्याही नाही. बाई नवी कवळी घालून एका घरी सांत्वनाला गेल्या, आणि तिथं सगळ्यांना वाटलं की ह्या गालात हसताहेत. परत आल्या त्या थेट कवळीवाल्यांच्या दारात.

"पस्तीस वर्षं शाळेत मी एकदासुद्धा हसले नाही! आणि तुम्ही मला मयताच्या घरी हसवलंत!"

गल्ली पोट धरधरून हसली. मीही हसलो. कवळीवाले हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा माणूस ती कवळी परत घेऊन आला आणि मागोमाग दंतवैद्य स्वतः. दारात उभ्याउभ्याच बोलला, आवाज अगदी मऊ, "काका, हात कापायला लागलाय का? वय कुणाला चुकलंय. स्पष्ट सांगा. पुढच्या दातांचं काम मी दुसरीकडे देत जाईन, तुम्ही दाढा करा."

दाढा करा! गवयाला टाळ वाजवायला सांगावं तसं. कवळीवाल्यांचा चेहरा मी खिडकीतून पाहिला. साच्याच्या प्लास्टरसारखा.

मुख्याध्यापिकाबाईंची कवळी त्यांनी फुकट नवी करून दिली. बाई पुन्हा पहिल्यासारख्या करारी दिसू लागल्या. आणि त्यानंतर कवळीवाल्यांचा हात कधीच थरथरला नाही. दंतवैद्य खूश. गल्ली म्हणाली, म्हाताऱ्यानं जिद्द दाखवली.

फक्त माणूस झिजायला लागला. सदऱ्याची कॉलर मानेभोवती घागऱ्यासारखी फिरायची. पाण्याचा तांब्या सारखा हाताशी. वहिनींचा आवाज रोज सकाळी गल्लीभर यायचा.

"अहो, इंजेक्शन घेतलंत?"

पडद्याआडून उत्तर, "घेतलं!"

"मग रोडावताय कशानं? खोटं बोलाल तर मराल एक दिवस, आणि मला सोडवाल एकदाची!"

रोज हेच. आम्ही त्यावर घड्याळ लावायचो. हेच वाक्य पुढे गल्लीच्या साक्षीपुराव्यात निघणार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं? वहिनींचंही चुकलं नव्हतं. इन्सुलिनच्या बाटल्या त्याच आणायच्या, आणि बाटल्या अगदी वेळच्या वेळी संपायच्या.

पुढे बरगड्यांखाली दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून पांढरं औषध प्यायले. मग घास उतरेना, उतरला तर टिकेना. वहिनी भाज्या उकळून, गाळून त्याचं पातळ सूप करायच्या आणि चमच्यानं भरवायच्या. ते गल्लीनं खिडकीतून पाहिलं. मग एका दुपारी उलटी झाली ती काळपट, कॉफीच्या गाळासारखी.

त्याच दुपारी त्यांची थोरली बहीण आलेली होती. गल्ली तिला कर्णा म्हणायची. एका टोकाला काही कानात सांगावं, की दुसऱ्या टोकाला दहापट मोठं ऐकू आलंच. कर्णा भावाच्या तोंडावर वाकली. तो झोपेत असल्यासारखा पडला होता आणि धाप लागल्यासारखा भराभर श्वास घेत होता. कर्णानं नाक आक्रसलं.

"ह्याच्या तोंडाला कसला वास येतोय गं?"

"आजाराचा असेल, वन्सं. धरा जरा, गाडी आलीय."

"आजाराचा? हा तर तुमच्या त्या बाटलीतला वास!"

दवाखान्यात मी बरोबर गेलो होतो. थर्मास, चादर, चपलांची पिशवी, अशा कामांना शेजारी लागतोच. तिथली डॉक्टरीण तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण माणसाशी बसून बोलणारी. तिनं सांगितलं की साखर प्रचंड वाढली आहे, इतकी की रक्त आंबट झालंय. मग तोंडातून दुर्बीण घालून जठर बघितलं. बाहेर आली आणि अर्धवट उघड्या दारात वहिनींना हळू आवाजात म्हणाली, "जठर आतून काळं पडलंय. बराच भाग मेलाय. तुकडा काढून तपासणीला पाठवते."

दाराच्या ह्या बाजूला कर्णा. तिनं 'काळं' एवढं उचललं आणि बाकीचं तिथंच टाकलं. संध्याकाळ व्हायच्या आत गल्लीत बातमी पोचली होती.

तुकड्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई वहिनींशेजारी बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, "बुरशी आहे."

वहिनींना कळेना. "बुरशी म्हणजे? पावाला लागते ती?"

"त्याच गोतातली. हवेत असते, धुळीत असते, अन्नावर बसते. तुमच्या-माझ्या पोटात रोज जात असेल. धडधाकट शरीर तिला रुजू देत नाही. पण साखर अशी बेफाम वाढली आणि रक्त आंबट झालं की तिचं फावतं. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडवते, आणि तेवढा भाग मरतो. मेलेलं मांस काळं पडतं. बहुतेकदा ही नाकात-डोळ्यात होते. जठरात मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा बघतेय."

"मग आता?"

"औषध कडक आहे, किडन्यांना सोसवेलच असं नाही. आणि नुसत्या औषधानं भागणार नाही. जठर काढावं लागेल. तरीही वाचतीलच, असं मी म्हणत नाही."

मग तिनं विचारलं, "इन्सुलिन रोज घेत होते?"

"रोज. बाटल्या मीच आणते. वेळेवर संपतात."

"मग साखर अशी असायला नको होती," डॉक्टरीणबाई म्हणाली. संशय नव्हता तिच्या बोलण्यात, नुसतं कोडं पडल्यासारखी म्हणाली.

बाकावरून कर्णा ताडकन उठली. "नको होती ना? मग बाटलीत पाणी भरलं असेल हिनं! आणि आता पोट कापून फेकायला निघाली, म्हणजे पुरावाच नको! मी माझ्या भावाला हात लावू द्यायची नाही!"

वऱ्हांड्यातले सगळे पेशंट औषध विसरून बघायला लागले. वहिनी तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता झिंज्या धरतात.

"वन्सं, मला पुढे फाशी द्या. आत्ता बाजूला व्हा. पोट गेलं तर जाऊ दे, माणूस राहिला पाहिजे."

आणि त्यांनी सही केली.

जठर काढलं. कवळीवाले शुद्धीवर आले ते पिवळे पडलेले, ओठ फुटलेले. औषधाची धार सलाईनमधून सुरू झाली की थंडीनं असे कुडकुडायचे की खाट वाजायची. पण मधे एक दुपार बरी गेली. त्यांनी डोळे उघडून आधी कर्णाला चहा प्यायला पाठवलं. पडद्यापलीकडच्या स्टुलावर मी होतो, मला हाकललं नाही.

"अगं, एक सांगायचंय."

"बोलू नका. दम लागतोय."

"ते इंजेक्शन... मी घेत नव्हतो."

"कधीपासून?"

"त्या मुख्याध्यापिकाबाईंपासून. टोचलं की हात कापायचा."

"मग बाटल्या रिकाम्या कशा व्हायच्या?"

"प्लास्टरात सोडायचो. वाडग्यात प्लास्टर कालवलेलं असायचं ना, त्यात."

"अहो, हात उपाशीपोटी कापत होता! दोन घास खायचे होते आधी!"

"खाऊन पुढचे दात कसे लावू?"

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसल्या. खरंच हसल्या, आणि त्या हसण्यातच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"गाढव आहात तुम्ही."

"आहे. पण कुणाला सांगू नकोस. म्हणतील, याचा हात कधीचाच गेला होता, औषध सोडून रेटत होता. एकेक जण तोंडातून कवळी काढून उलटीपालटी करून बघेल."

"नाही सांगत."

"शपथ?"

"नाही सांगत म्हटलं ना. झोपा." मग पडद्याकडे न बघता, "भाऊजी, तुम्हीसुद्धा. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवा."

डॉक्टरीणबाईला मात्र वहिनींनी सांगितलं, उपचारासाठी सांगणं भागच होतं. तिनं ऐकून घेतलं आणि हातातला केसपेपर मिटला. "मला एकदा विचारलं असतं तरी मी डोस बदलून दिला असता," ती म्हणाली. "वेळ बदलली असती. त्यांना उपाशीपोटीसुद्धा काम करता आलं असतं कदाचित."

हे वहिनींनी नवऱ्याला सांगितलं नाही.

बुरशी तोवर यकृतात पोचली होती. मग किडन्यांनी हात टेकले. कवळीवाले गेले.

भेटायला आलेल्या लोकांना कर्णा दारातच अडवायची आणि कानात सांगायची, "इथं चहाबिहा घेऊ नका हं." लोक यायचे, बसायचे, कप तसाच ठेवून उठायचे. पुढे यायचेही बंद झाले. इस्त्रीवाला वहिनींच्या साड्या घ्यायचा, पण त्यांनी दिलेलं पाणी प्यायचा नाही. ज्या दंतवैद्यानं "दाढा करा" म्हटलं होतं, त्यानं पॉलिशचं काम पाठवणं थांबवलं. गिऱ्हाईक नको म्हणतं, म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे तोंडात कवळीवाल्यांचेच दात घालून फिरणारी माणसं, त्याच दातांनी हे बोलणारी. वहिनी लांबच्या एका कारखान्यात पॉलिशला जाऊ लागल्या. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

मला राहवायचं नाही. चांगली भरलेली गोष्ट पोटात ठेवून जगणं हे मला काय जमणार? एकदा त्यांच्या दारासमोरच्या पायऱ्यांपाशी गाठून मी म्हणालो, "वहिनी, पुरे झालं. एका दिवसात गल्ली गप्प करतो. फक्त हो म्हणा."

"आणि मग?"

"मग काय, तुमच्यावरचा डाग जाईल."

"आणि ज्यांच्या तोंडात यांचे दात आहेत, ते आरशापुढे उभे राहतील. जो तो म्हणेल, माझाही तिरका आहे. एक तिरका लागला होता, भाऊजी, आयुष्यात एकच. तोही त्यांनी बदलून दिला." पिशवी उचलली आणि दोन पायऱ्या चढून थांबल्या. "लोकांना मी विषारी वाटते ना? वाटू द्या. मला काही पुढचे दात लावायचे नाहीत."

असं त्या बरीच वर्षं राहिल्या. बोलायच्या सगळ्यांशी, टोमणे पहिल्यासारखेच. फक्त कुणाला घरात या म्हणायच्या नाहीत. 'नको' असं ऐकायला लागू नये म्हणून. कर्णा गेली तेव्हा वहिनी तिच्या मयताला गेल्या आणि मागे भिंतीशी उभ्या राहून परत आल्या. मागच्या वर्षी त्याही गेल्या, झोपेत. त्यांच्या घरात मोटरचं चाक होतं, त्यावर कापड बांधलेलं होतं. कवळीवाल्यांच्या हातचे दात घातलेली माणसंही आता बहुतेक संपली. माझ्या तोंडातले आहेत, त्यांनीच मी हे बोलतो आहे.

तर सुपात भाज्या होत्या आणि मीठ होतं. दुसरं काही नव्हतं. तोंडाला येणारा वास बेसुमार वाढलेल्या साखरेमुळे येत होता. साखर वाढली, कारण कवळीवाला इन्सुलिन घेत नव्हता. त्यामुळे जठरात बुरशी रुजली, तिनं जठर काळं केलं आणि तो मेला. बायकोनं त्याला विष दिलं नव्हतं.